न विचारता दिलेला बीटा आणि न पुसलेल्या रेघा

बाहेर, खऱ्या कातळावर बोल्डरिंग (दोराशिवाय, कमी उंचीच्या दगडांवर चढणं) करायला येणाऱ्यांची संख्या वाढतेय, याचा मला मनापासून आनंद आहे. पण क्लाइंबिंग जिमच्या भिंतीवर चालून जाणाऱ्या काही सवयी दगडावर चालत नाहीत आणि ते कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं. म्हणून ही मोठी पोस्ट.

आधी बीटा, म्हणजे कसं चढायचं याची माहिती. एक मुलगी प्रॉब्लेमखाली, म्हणजे दगडावरच्या चढायच्या ठरलेल्या वाटेखाली, पॅडवर (पडल्यावर लागू नये म्हणून अंथरलेल्या गादीवर) बसलीय. दोनदा पडलीय. दुसऱ्या वेळी तिने डावा पाय थोडा वरच्या कंगोऱ्यावर ठेवून बघितला, तोही घसरला. आता बुटाचा तळ पुसत ती वर बघतेय, बोटं हवेतच मूव्ह करून बघताहेत. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडतं, "अगं, उजवी टाच लाव ना तिथे, लगेच होईल!" सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ते कोडं सोडवायला ती एवढ्या लांब आली होती आणि तुम्ही उत्तर सांगून मोकळे झालात. कुणाचं न बघता, न ऐकता पहिल्याच फटक्यात चढून जायची संधी तर एका प्रॉब्लेमवर आयुष्यात एकदाच मिळते. "सांगू का?" एवढं विचारायला काय लागतं? ती नको म्हणाली तर गप्प बसायचं, बस्स.

शिवाय तुमचा बीटा तिच्या उपयोगाचा असेलच असं नाही. सहा फुटी माणूस जिथे हात लांब करून होल्ड धरतो, तिथे ठेंगण्या माणसाला पाय वर घेऊन मधली बारीक पकड वापरावी लागते. कुणी संथपणे, एकेक मूव्ह तोलत चढतं, कुणी झेप घेतं. फ्रान्समधल्या फॉन्टेनब्लोच्या जंगलात शार्ल अल्बेर हा क्लाइंबर अत्यंत अवघड प्रॉब्लेम अनवाणी चढतो. ती त्याची शैली आहे. तेच खरं क्लाइंबिंग आणि बाकीचं खोटं, असं म्हणायचं काही कारण नाही. 1950 च्या दशकात अमेरिकन क्लाइंबर जॉन गिलने जिम्नॅस्टिक्समधला चॉक (हात घसरू नयेत म्हणून लावायची पांढरी पूड) आणि झेपेच्या मूव्ह दगडावर आणल्या. त्याच्यासाठी वर पोचण्याइतकंच कसं पोचलो हेही महत्त्वाचं होतं. मला हा विचार फार जवळचा वाटतो. तो दुसऱ्यावर लादायचा मात्र नाही. चढताना पाठ पॅडला घासली, स्पॉटरचा (खाली सांभाळायला उभ्या असलेल्याचा) हात लागला, तर तो प्रयत्न यशस्वी धरायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी धरत नाही. तुम्ही नवा प्रॉब्लेम किंवा ग्रेड (तो किती अवघड त्याचं माप) जाहीर करणार असाल तर मात्र तुम्हीही धरू नका.

म्हणजे कसं चढायचं ते ज्याचं त्याचं. दगडावर आपण काय ठेवून जातो ते मात्र सगळ्यांचं, आणि इथे मी अजिबात सवलत देणार नाही.

टिक मार्क, म्हणजे पकड दाखवायला चॉकने मारलेल्या खुणा, घ्या. पाय कुठे ठेवायचा ते वरून दिसत नाही म्हणून चॉकची बोटभर रेघ मारली, ठीक आहे. पण हातभर लांब रेघा ओढायच्या, प्रत्येक पकडीला बाण काढायचे आणि तसेच ठेवून निघून जायचं? पुढे येणाऱ्याला मग दगड वाचायला उरतच नाही, हासुद्धा न विचारता दिलेला बीटाच. निघायच्या आधी रेघा आणि चॉक, दोन्ही ब्रशने झाडून काढा. ब्रश मऊ केसांचा किंवा नायलॉनचा. तारेचा ब्रश पकडी झिजवतो, तो बॅगेतही नको.

बुटाला लागलेली वाळू चढण्याआधी पुसा, नाहीतर प्रत्येक पावलाबरोबर तुम्ही दगडाला पॉलिशपेपर घासताय.

वालुकाश्म असेल तर पावसानंतर चढायचंच नाही. वरून कोरडा दिसतो, पण आत पाणी मुरलेलं असतं आणि कण धरून ठेवणारा जोड त्याने कमकुवत होतो. अशा वेळी पकड तुटते आणि तुटलेली पकड परत येत नाही. सुट्टी वाया जाईल, मान्य. जाऊ दे.

आणि पकडी कोरणं, छिन्नीने मोठ्या करणं, यावर तर चर्चाच नको. फिनलंडमधला 'बर्डन ऑफ ड्रीम्स' हा प्रॉब्लेम नाले हुक्काताइवालने कित्येक वर्षं खपून 2016 मध्ये चढला आणि त्याला 9ए ही अतिशय अवघड ग्रेड सुचवली. त्याआधी कुणी "हे अशक्यच आहे" म्हणून एक पकड जरा खोल केली असती तर? पुढे विल बोसीने त्याच्या प्रतिकृतीवर सराव केला आणि 2023 मध्ये मूळ दगड चढला. जमत नसेल तर असं करा, प्लायवुडवर हवे तेवढे प्रयोग करा.

टेक्सासच्या ह्युको टँक्समध्ये प्राचीन शैलचित्रं आहेत. तिथे आज मोजक्याच लोकांना आत सोडतात आणि बऱ्याचशा भागात गाइडशिवाय जाता येत नाही. बोल्डरिंगचा अवघडपणा मोजणारी व्ही-ग्रेड ज्या जागेतून जगभर गेली, ती हीच जागा. आपल्या दगडांवर अशी बंधनं येऊ नयेत म्हणून पॅड झुडपांवर टाकू नका, दुसऱ्याच्या प्रयत्नाच्या वेळी स्पीकर बंद ठेवा, आणि नवख्यांना हे सगळं पहिल्याच दिवशी सांगा, पण चारचौघांत झापून नाही, बाजूला घेऊन.