नोड पाच मिनिटांत उठतो, डेटा नाही

पुण्यातल्या आयटीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो तीन ठिकाणांहून आला, एकदा तर चक्क सोसायटीच्या ग्रुपवर, टँकरच्या सूचनेखाली. म्हणणं असं: ‘डेटाबेस क्लस्टरचं ऑटोस्केलिंग चालू करा. लोड वाढला की पाच मिनिटांत नोड वाढतात, उतरला की आपोआप कमी होतात. बिल निम्मं. डीबीएची गरज संपली.’ क्लस्टर म्हणजे एकच डेटाबेस मिळून सांभाळणारी अनेक मशीनं, नोड म्हणजे त्यातलं एक मशीन, आणि डीबीए म्हणजे डेटाबेसची देखभाल करणारा माणूस. आता एकेक वाक्य घेऊ.

‘पाच मिनिटांत नोड वाढतात.’ मशीन उठतं, हे खरं. मंगल कार्यालयात पंगत वाढली तर चार वाढपी जास्तीचे बोलावता येतात. आले की लागले कामाला. अ‍ॅप सर्व्हर, म्हणजे अ‍ॅपचा कोड चालवणारं मशीन, तसा असतो. डेटाबेसचा नोड म्हणजे नवा भाडेकरू, टेम्पोभर सामान घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढणारा, तेही लिफ्ट बंद असताना.

कॅसँड्रा या अनेक नोडांवर डेटा वाटून ठेवणाऱ्या डेटाबेसचा हिशोब करून बघा. पाच नोड, प्रत्येकावर ६०० जीबी. सहावा आला की त्याच्या वाट्याला ५०० जीबी, म्हणजे जुन्या प्रत्येकाने १०० जीबी पाठवायचे. पाठवण्याचा वेग मुळात प्रत्येक नोडला सेकंदाला सुमारे २०० मेगाबिटवर बांधलेला असतो. नुसत्या वाहतुकीलाच ६७ मिनिटं लागतात, आणि तोवर नवा नोड एकाही रीडला, म्हणजे डेटा वाचण्याच्या मागणीला, उत्तर देत नाही. वेग वाढवता येतो की, पण डेटा पाठवणारे कोण? आधीच धापा टाकणारे तेच पाच नोड. तहान लागल्यावर विहीर खणायची, आणि खणायला तहानलेल्यांनाच लावायचं.

त्यात कुबरनेटीस या सर्व्हरांवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेचा ऑटोस्केलर दर १५ सेकंदांनी आकडे बघतो. सहावा नोड अजून सामान लावतोय, सीपीयू उतरलेला नाही, म्हणून हा सातवा मागतो. कॅसँड्रा मूळ सेटिंगमध्ये एका वेळी एकाच नोडला आत घेते, त्यामुळे सातवा दारातच अडतो. डिस्क भरली म्हणून नोड वाढवणाऱ्यांची तर वेगळीच फजिती होते. नवा नोड आपला वाटा घेतो, पण जुन्यांवरची ती प्रत ‘क्लीनअप’ चालवेपर्यंत तशीच पडून राहते. नोड वाढला आणि डिस्क भरलेलीच.

‘लोड वाढला की’ या तीन शब्दांत तर फारच मोठी गोष्ट गृहीत धरली आहे. लोड सगळीकडे सारखा वाढतो, असं कोण म्हणालं?

मी ज्या टीममध्ये आहे ती उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेणारं एक अ‍ॅप सांभाळते. पहिल्या वर्षी ऑर्डरींची पार्टिशन की, म्हणजे कोणती नोंद कोणत्या गठ्ठ्यात (पार्टिशनमध्ये) जाणार हे ठरवणारं मूल्य, होती डिलिव्हरीची तारीख. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी अख्ख्या पुण्याच्या ऑर्डरी एकाच पार्टिशनमध्ये. प्रत्येक पार्टिशनच्या प्रती तीन, तीन नोडांवर, म्हणून तीन नोड ९५ टक्क्यांवर आणि उरलेले दोन १५ टक्क्यांवर निवांत. सरासरी ६३ टक्के, नोड वाढवायची मर्यादा ७०. ऑटोस्केलर गप्प, ग्राहक मात्र नाही. शेवटी आम्ही हाताने नोड वाढवला. तरीही काही फरक पडला नाही, कारण पार्टिशन चिरून दोन नोडांवर वाटता येत नाही. पुढे कीला पिनकोड जोडला, तर कोथरूड फुगलं, म्हणून तासही जोडला. ही दुरुस्ती स्कीमात, म्हणजे डेटाच्या मांडणीत, होती, क्लस्टरच्या आकारात नव्हे.

हा रोग एकट्या कॅसँड्राचा नाही. अ‍ॅमेझॉनच्या डायनमोडीबी या डेटाबेसमध्येही एका पार्टिशनला सेकंदाला १००० राइट युनिट आणि ३००० रीड युनिट (लिहिण्या-वाचण्याची मापं) एवढीच मुभा असते. टेबलाची एकूण क्षमता कितीही वाढवा, एकाच कीवर झुंबड उडाली की ती भिंत लागतेच.

‘उतरला की आपोआप कमी होतात.’ तीन प्रती असलेल्या क्लस्टरमधून नोड काढणं म्हणजे मशीन बंद करणं नव्हे. त्याचा डेटा आधी बाकीच्यांकडे पोचवावा लागतो. पुन्हा तोच टेम्पो, उलट दिशेने. कुबरनेटीसच्या स्टेटफुलसेटमध्ये, म्हणजे स्वतःची डिस्क लागणारे प्रोग्रॅम चालवायच्या सोयीत, नोड कमी केला तरी त्याची डिस्क मूळ सेटिंगनुसार तशीच राहते, आणि तिचं भाडंही.

‘बिल निम्मं.’ मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवरचा कॉसमॉसडीबी हा डेटाबेस घ्या, कारण अझूरचा सेंट्रल इंडिया विभाग आपल्या पुण्यातच आहे. तिथल्या ऑटोस्केलमध्ये क्षमता कमाल मर्यादेच्या १० टक्क्यांखाली उतरत नाही, तासाभरातल्या सर्वोच्च पातळीचे पैसे अख्ख्या तासासाठी लागतात, आणि राइट एकाच विभागात असतील तर दर स्थिर क्षमतेच्या दीडपट. तासातासाच्या शिखरांची सरासरी कमाल मर्यादेच्या ६६ टक्क्यांखाली असेल तरच फायदा. रात्री ओस पडणाऱ्या अ‍ॅपला तो खरोखर होतो. दिवसरात्र सारख्या चालणाऱ्या सिस्टिमला हे ऑटोस्केल महागच पडतं.

मेसेज लिहिणाऱ्यावर अन्याय नको. त्याने बहुधा ऑरोरा या अ‍ॅमेझॉनच्या डेटाबेससारखं काही वापरलं असावं. तिथे डेटा तीन झोनमध्ये (एकमेकांपासून वेगळ्या डेटासेंटरांत) सहा प्रतींत, कॉम्प्यूटपासून, म्हणजे क्वेरी चालवणाऱ्या मशीनपासून, वेगळा असतो, त्यामुळे नवा रीडर (फक्त वाचणारा नोड) आला तरी सामान हलवावं लागत नाही. सर्व्हरलेस प्रकारात तर क्षमता साधारण १ जीबी मेमरीच्या पायऱ्यांनी चढते-उतरते. तिथे त्याचं बरंचसं बरोबर आहे. पण नेहमीच्या ऑरोरा क्लस्टरमध्ये लिहिणारा एकच असतो, आणि रीडर कितीही वाढवले तरी त्याचा लिहिण्याचा भार हलका होत नाही.

राहिली डीबीएची गरज. आमच्या डीबीएबाई जूनमध्येच कालनिर्णय उघडतात, चतुर्थीच्या दहा दिवस आधीच्या दोन रात्री धरतात आणि दोन नोड हाताने वाढवतात, रात्री दोन वाजल्यानंतर, एकापाठोपाठ एक. मग क्लीनअप. अनंत चतुर्दशीनंतर तितक्याच सावकाश ते काढतात. अ‍ॅप सर्व्हरांचं ऑटोस्केलिंग त्यांनीच चालू ठेवलंय. तिथे त्यांची काही तक्रार नाही. हा मेसेज मी त्यांनाही पाठवला होता. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.