चेनसॉ नको, करवतच बरी

वॉशिटा ट्रेलच्या काही भागांत पडलेली झाडं कापायला चेनसॉ, म्हणजे मोटरवरची करवत, चालत नाही, हे सांगितलं की आपली मंडळी हसतात. "अमेरिकेत राहून हाताने करवत ओढता?" हो, ओढतो. आणि मला तो नियम पटतो.

ओक्लाहोमातल्या तालिमेना स्टेट पार्कपासून आर्कान्सात लिटल रॉकजवळच्या पिनॅकल माउंटनपर्यंत २२३ मैलांची ही पायवाट. बरीचशी वॉशिटा राष्ट्रीय वनातून जाते. झाडांवरच्या निळ्या पट्ट्या बघत चालायचं. वादळ झालं की पाइन वाटेवर आडवे. ते हटवणारे बहुतेक स्वयंसेवक, त्यातले कित्येक निवृत्त. बाकी वाटेवर प्रशिक्षण घेतलेल्यांना चेनसॉ चालतो; पण अप्पर किआमिची आणि फ्लॅटसाइड हे भाग 'विल्डरनेस', म्हणजे माणसाचा हात कमीत कमी लागू दिलेलं रान, म्हणून राखलेले. १९६४ च्या विल्डरनेस कायद्यामुळे तिथे मोटरचं अवजार बंद. सायकलसुद्धा बंद!

मग दोघांनी दोन टोकांना धरायची लांब करवत येते. पहिला धडा: फक्त ओढायचं, ढकलायचं नाही, ढकललं की पातं वाकतं. दोन्ही टोकांवर टेकलेलं खोड मध्ये झोळ देतं, वरून कापत गेलं की काप मिटतो आणि करवत अडकते. म्हणून काप जरा खोल गेला की मागून पाचर ठोकायची. चेनसॉने पाच मिनिटांत उरकेल त्याला इथे तासभर जातो. सत्तरीतल्या माणसांकडून हे करून घ्यायचं का, हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. मोठ्या वादळानंतर तात्पुरती सूट द्यावी, असं मलाही वाटतं.

पण एरवी नाही. एकदा 'कामापुरतं' यंत्र आत आलं की सोयीपुरतं यायला किती वेळ लागतो, हे गडावर मुक्कामाला जाऊन शेजारच्या तंबूतला स्पीकर रात्रभर ऐकलेल्यांना मी काय सांगू? आणि तासभर घाम गाळल्यावर माणूस खोड वाटेपुरतंच कापतो, जास्त नाही. जंगलाला तेवढंच हवं असतं.

डॅलसवाल्यांनी पश्चिम टोकापासून, म्हणजे तालिमेनापासून, सुरुवात करावी. उन्हाळा टाळा, गोचिडी फार. नोव्हेंबर उत्तम, फक्त तेव्हा हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. भडक नारिंगी जाकीट घातल्याशिवाय गाडीतून उतरू नका.