न्यायालयाने अँड्र्यू मिचेल यांना निर्दोष ठरवले नव्हते

ब्रिटनमधील हुजूर पक्षाचे तत्कालीन मुख्य प्रतोद अँड्र्यू मिचेल यांनी 19 ऑक्टोबर 2012 रोजी राजीनामा दिला. पोलिसांशी उद्धटपणे वागल्याच्या प्रकरणातून आलेल्या या राजीनाम्याविषयी एक दावा तेव्हापासून मोठ्या विश्वासाने सांगितला जातो. तो थोडक्यात असा: मिचेल यांनी पोलिसांना उद्देशून जो अपमानास्पद शब्द वापरल्याचा आरोप झाला, तो त्यांनी उच्चारलाच नव्हता, पोलिसांनी संगनमताने तो त्यांच्या तोंडी घातला आणि पुढे न्यायालयात हे सिद्धही झाले, खोट्या बातमीवर भडकलेल्या लोकांनी क्षुल्लक गोष्टीसाठी एका कर्तबगार मंत्र्याचा बळी घेतला, आणि त्यांची राजकीय कारकीर्द तिथेच संपली. या दाव्यात एक भाग खरा आहे आणि तो गंभीर आहे. अडचण अशी की त्या एका खऱ्या भागाच्या आडोशाने बाकीची विधानेही तपासणीवाचून खपून जातात.

आधी घटना पाहू. 19 सप्टेंबर 2012 च्या संध्याकाळी मिचेल डाउनिंग स्ट्रीटवरून, म्हणजे पंतप्रधानांचे निवासस्थान असलेल्या बंदोबस्तातल्या रस्त्यावरून, सायकलने बाहेर पडत होते. मुख्य प्रतोद होऊन त्यांना जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्याआधी ते आंतरराष्ट्रीय विकास खात्याचे मंत्री होते. मोठे फाटक उघडावे असा त्यांचा आग्रह होता, तर बंदोबस्तावरील पोलिसाने त्यांना पादचाऱ्यांच्या बाजूच्या फाटकातून जाण्यास सांगितले. त्यावरून बाचाबाची झाली. दोनच दिवसांत ‘द सन’ या दैनिकाने बातमी छापली की मिचेल यांनी पोलिसांना शिवीगाळ केली आणि त्यांना ‘प्लेब’ म्हटले. प्राचीन रोममधील सामान्य प्रजेच्या नावावरून आलेला हा शब्द इंग्लंडमध्ये ‘खालच्या थरातली, अडाणी माणसे’ अशा तुच्छतेने वापरला जातो. पोलिसांची त्या प्रसंगाची नोंदही काही दिवसांत वृत्तपत्रांच्या हाती लागली.

आता दाव्याचा गाभा, म्हणजे शब्द उच्चारलाच नव्हता आणि न्यायालयाने तसे म्हटले, हे विधान. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. ‘द सन’च्या प्रकाशकांविरुद्ध मिचेल यांनी स्वतः अब्रुनुकसानीचा दावा दाखल केला, आणि मिचेल आपल्याला खोटे ठरवत असल्याबद्दल फाटकावरील पोलिसाने त्यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. शब्द उच्चारला गेला की नाही, हा दोन्ही दाव्यांतला कळीचा प्रश्न लंडनच्या उच्च न्यायालयात एकत्र चालला. 27 नोव्हेंबर 2014 रोजी न्यायमूर्ती मिटिंग यांनी निकाल दिला की शक्यतेचे पारडे तोलून पाहता मिचेल यांनी ते शब्द, किंवा तेच म्हणावेत इतके जवळचे शब्द, उच्चारले होते आणि त्यांत ‘प्लेब’ हा शब्दही होता. त्या पोलिसाविषयी न्यायमूर्तींनी केलेले निरीक्षण त्याला फारसे सुखावणारे नसले तरी निर्णायक होते: रागाच्या भरात एक वरिष्ठ राजकारणी काय बोलला याचा वृत्तांत क्षणात मनाने रचावा, इतकी चतुराई, कल्पनाशक्ती किंवा इच्छा या माणसाकडे नाही.

दिवाणी निकाल शक्यतेवर ठरतो, फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय पुराव्यावर नव्हे, हे मान्यच आहे. मिचेल यांनी तो शब्द कधीच मान्य केलेला नाही आणि फाटकावरच्या कॅमेऱ्याच्या चित्रणाला आवाज नव्हता. त्यामुळे एखाद्याने साक्षीपुरावे वाचून ‘न्यायालयाचा निष्कर्ष मला पटत नाही’ असे म्हटले, तर ते समजण्यासारखे आहे. ‘न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले’ असे म्हणणे मात्र मतभेदात बसत नाही, कारण ज्या एकमेव न्यायालयाने या प्रश्नाचा निवाडा केला, त्याने नेमके उलट सांगितले आहे.

मग हा समज आला कुठून? येथेच दाव्यातला खरा भाग येतो. घटनेनंतर हुजूर पक्षाच्या एका खासदाराला त्याच्या मतदारसंघातील रहिवाशाचे म्हणून एक ईमेल गेले. आपण पुतण्यासोबत तेथे पर्यटक म्हणून उभे होतो, सारा प्रकार डोळ्यांनी पाहिला आणि आसपासचे लोक थक्क झाले होते, असे त्यात लिहिले होते. लिहिणारा प्रत्यक्षात डाउनिंग स्ट्रीटवर बंदोबस्त ठेवणाऱ्या राजनैतिक संरक्षण पथकातील पोलीस होता आणि घटनेच्या वेळी तो तेथे नव्हताच. ज्याला ईमेल गेले तो खासदार मिचेल यांचाच उपप्रतोद होता, म्हणजे बाण नेमक्या ठिकाणी लागला. डिसेंबर 2012 मध्ये ‘चॅनल 4’ या दूरचित्रवाहिनीने कॅमेऱ्याचे चित्रण दाखवले, त्यात फाटकाबाहेर थक्क झालेली गर्दी दिसत नव्हती. तशाच गर्दीचा उल्लेख पोलिसांच्या मूळ नोंदीतही असल्याने संशय वाढणे अगदी स्वाभाविक होते. ईमेल पाठवणाऱ्या पोलिसाने सार्वजनिक पदावर असताना गैरवर्तन केल्याचा गुन्हा कबूल केला आणि फेब्रुवारी 2014 मध्ये त्याला 12 महिन्यांची शिक्षा झाली. बातमी फोडणे आणि खोटे बोलणे अशा कारणांवरून त्याच्यासह चार पोलिसांना नोकरी गमवावी लागली.

याशिवाय पोलीस फेडरेशन या पोलिसांच्या संघटनेच्या तीन प्रतिनिधींनी आणखी एक डाग लावला. 12 ऑक्टोबर 2012 रोजी ते मिचेल यांना सटन कोल्डफील्ड येथील त्यांच्या मतदारसंघातील कार्यालयात भेटले आणि बाहेर आल्यावर, त्या संध्याकाळी काय घडले हे सांगायला मिचेल तयार नाहीत, असे त्यांनी पत्रकारांना सांगितले. मिचेल यांनी बैठकीचे ध्वनिमुद्रण करून ठेवले होते. ते ऐकल्यावर दिसले की त्यांनी आपली बाजू बरीच सविस्तर मांडली होती, शिवी दिल्याबद्दल माफीही मागितली होती आणि ‘तो’ शब्द मात्र ठामपणे नाकारला होता. हे सारे लज्जास्पद होते, आणि माझ्या मते एका मंत्र्याने फाटकावर तोंड टाकण्यापेक्षा अधिक गंभीर होते, कारण नागरिकाला तुरुंगात पाठवण्याची ताकद ज्यांच्या नोंदींना असते, त्यांनीच येथे खोटी साक्ष उभी केली.

तरीही यावरून काढला जाणारा निष्कर्ष चुकतो. खोटे ईमेल लिहिणारा फाटकावर नव्हता, त्यामुळे त्याच्या खोटेपणावरून फाटकावर काय बोलले गेले हे ठरत नाही. फार तर, तेथे नसलेल्या माणसाचे लिहिणे बाजूला ठेवावे लागते. फेडरेशनच्या प्रतिनिधींचा खोटेपणा तर घटनेनंतर तीन आठवड्यांहून अधिक काळाने झालेल्या बैठकीबद्दलचा आहे. फाटकावर बंदोबस्ताला असलेल्यांनी आपसात कट करून शब्द रचला, ही मिचेल यांची मांडणी न्यायालयापुढे आली होती आणि न्यायमूर्तींनी ती स्वीकारली नाही. त्या पोलिसाच्या सांगण्यातील विसंगती, चित्रणातील सेकंदांचा हिशेब आणि ईमेलचे प्रकरण या साऱ्यांची चर्चा होऊनच निकाल लागला. तेव्हा ‘ईमेल खोटे निघाले, म्हणून शब्दही खोटा’ हा युक्तिवाद नवा नाही. तो करून झालेला आणि हरलेला आहे.

दाव्यातील पुढचे विधान असे की क्षुल्लक उद्धटपणासाठी राजीनामा घेतला गेला. येथे वादग्रस्त शब्द पूर्णपणे बाजूला ठेवू आणि मिचेल यांनी स्वतः जे मान्य केले तेवढ्यावरच बोलू. ‘तुम्ही लोक आम्हाला मदत करायला असता असे मला वाटत होते’ या अर्थाचे वाक्य आपण शिवी घालून उच्चारले, हे त्यांनी राजीनाम्याच्या पत्रातही लिहिले आहे. हे वाक्य ज्याला ऐकवले गेले तो त्यांच्याच सुरक्षेसाठी उभा होता आणि त्याला उलट उत्तर देण्याची सोय नव्हती. आदल्याच दिवशी, 18 सप्टेंबरला, ग्रेटर मँचेस्टरमध्ये खोटी तक्रार करून बोलावून घेतलेल्या दोन महिला पोलिसांची हत्या झाली होती आणि देश त्या धक्क्यात होता. त्यातच सरकारने पोलिसांच्या केंद्रीय निधीत चार वर्षांत 20 टक्के कपात ठरवली होती आणि त्याविरुद्ध मे महिन्यात हजारो पोलिसांनी लंडनमध्ये मोर्चा काढला होता. हुजूर पक्षाचेच, लंडनचे तत्कालीन महापौर बोरिस जॉन्सन यांनी वर्षभरापूर्वी पक्षाच्या अधिवेशनात सांगितले होते की पोलिसांना शिव्या देणाऱ्यांनी अटकेची तयारी ठेवावी. सामान्य तरुणाला जो नियम, तो मंत्र्याला का नाही, हा प्रश्न लोकांना वृत्तपत्रांनी शिकवावा लागला नाही. मजूर पक्षाचे नेते एड मिलिबँड यांनी सभागृहात तोच धागा पकडला: गुंडांना रात्र कोठडीत काढावी लागते आणि मुख्य प्रतोदांची रात्र मात्र कार्लटन क्लबात जाते. मिचेल त्या संध्याकाळी फाटकातून हुजूर पक्षीयांच्या त्याच उच्चभ्रू क्लबाकडे निघाले होते.

‘लोकांनी बळी घेतला’ हे विधान याहून पोकळ आहे. लोक चिडले होते, हे खरे. ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमला पक्षाचे अधिवेशन भरले तेव्हा पोलीस फेडरेशनचे सदस्य ‘प्लेब’ शब्द मिरवणारे टीशर्ट घालून बाहेर उभे होते, आणि या हल्ल्याला संघटित राजकारणाची बाजू होतीच. पण बातमी आल्यापासून राजीनाम्यापर्यंत चार आठवडे गेले आणि त्या काळात पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी मिचेल यांना पाठीशी घातले. झुंडीच्या दबावाने पद जायचे असते तर ते पहिल्या आठवड्यातच गेले असते. ते गेले ते 17 ऑक्टोबरला पक्षाच्याच खासदारांच्या बैठकीत काही सदस्य उघडपणे त्यांच्याविरुद्ध बोलल्यानंतर. मुख्य प्रतोदाचे काम म्हणजे आपल्या खासदारांना शिस्तीत ठेवणे, वेळप्रसंगी दटावून मताला उभे करणे. ज्याच्या वर्तनावर त्याच खासदारांच्या बैठकीत टीका होते, त्याला हे काम करता येत नाही. मिचेल यांनी पत्रात हेच लिहिले: खरेखोटे काहीही असो, गेल्या दोन दिवसांत स्पष्ट झाले आहे की मला माझी कर्तव्ये पार पाडता येणार नाहीत. दुसऱ्या एखाद्या खात्यात ते कदाचित टिकलेही असते. (राजीनाम्याच्याच दिवशी तत्कालीन अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न साध्या दर्जाच्या तिकिटावर आगगाडीच्या प्रथम वर्गात बसल्याची बातमी आली आणि फरकाचे पैसे भरून ते सुटले.)

लोकांच्या रागाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण दावा करणारे ती सोयीने वगळतात. हा राग एकाच दिशेने वाहिला नाही. डिसेंबर 2012 मध्ये चित्रण समोर आल्यावर तीच वृत्तपत्रे, तेच खासदार आणि तेच वाचक पोलिसांवर उलटले. संसदेच्या गृहविषयक समितीने फेडरेशनच्या प्रतिनिधींना बोलावून प्रश्न विचारले. मूळ घटनेनंतर कॅबिनेट सचिव जेरेमी हेवूड यांनी चित्रण पाहूनही पोलिसांच्या वर्तनाचा पाठपुरावा केला नाही, याबद्दल त्यांनाही टीका सहन करावी लागली. पुढे 2014 च्या निकालाने मत पुन्हा फिरले. पुरावा बदलला की मत बदलणाऱ्या लोकांना झुंड म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आपले मत 2012 च्या डिसेंबरमध्येच गोठवून ठेवले आहे ते हा दावा करणाऱ्यांनी.

राहता राहिले कारकीर्द संपल्याचे विधान, आणि त्याला फार शब्द लागत नाहीत. मिचेल 2015, 2017, 2019 आणि 2024 या चारही निवडणुकांत सटन कोल्डफील्डमधून निवडून आले. ऑक्टोबर 2022 मध्ये ऋषी सुनक यांनी त्यांना परराष्ट्र खात्यात विकासविषयक राज्यमंत्री केले आणि 2024 मध्ये ते उपपरराष्ट्रमंत्री म्हणवले जाऊ लागले. त्यांचे मोठे नुकसान झाले ते पैशांचे, आणि ते राजीनाम्यामुळे झाले नाही. खर्चाचा अंदाज न्यायालयात वेळेवर सादर न केल्याने, खटला जिंकला तरी वकिलांची फी वसूल करता येणार नाही असा आदेश 2013 मध्येच त्यांच्याविरुद्ध गेला होता आणि इंग्लंडच्या दिवाणी वकिलांत तो निवाडा आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे निकालही विरोधात गेल्यावर दोन्ही बाजूंच्या खर्चाचा अंदाज सुमारे 30 लाख पौंडांपर्यंत सांगितला गेला आणि फाटकावरच्या पोलिसाला 80,000 पौंडांची भरपाई द्यावी लागली. मंत्रिपद सोडून बराच काळ लोटल्यावर, आज जो दावा पसरवला जातो नेमका तोच न्यायालयात सिद्ध करण्यासाठी त्यांनी हा खर्च ओढवून घेतला होता.