‘सरकार’ म्हणायचं आणि सही एकट्यानं करायची

बापू सोमवारी राहतं घर मुलाच्या नावावर करणाऱ्या बक्षीसपत्रावर सही करणार हे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे परवा संध्याकाळी मास्तरांनी प्रस्तावना वगैरे केलीच नाही.

“बापू, ‘नटसम्राट’मधला आप्पासाहेब बेलवलकर होऊ नकोस रे. तोही सगळं मुलांना देऊन रस्त्यावर आला.”

झालं. बापू उभाच राहिला. एक हात आभाळाकडे, आवाज खर्जात, घर मागायला सुरुवात. पळायला आलेली दोन पोरं थांबून बघू लागली.

“बस खाली,” सुधाताई म्हणाली. “एकांकिकेत तुला अख्खं नाटक विंगेतून सांगावं लागलं होतं. विसरले नाहीये मी.”

“प्रॉम्प्टर तूच होतीस ना! हळू बोलायचीस.”

“तिसऱ्या रांगेतले लोक माझ्याबरोबर म्हणत होते, बापू.”

तेवढ्यात वकीलसाहेबांनी पिशवीतून चष्मा काढला. चष्मा आला की मागून कलम येतं.

“कलम २३! ज्येष्ठ नागरिकांचा कायदा, २००७. साठी उलटलेल्या माणसानं सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मुलानं सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्रच रद्द करून मिळतं. आप्पासाहेबांनी आज अर्ज केला असता तर घर परत!”

“म्हणजे नाटक पहिल्या अंकातच संपलं.”

“दुसऱ्या,” वकीलसाहेब गंभीरपणे म्हणाले. “नोटीस बजवायला वेळ लागतो.”

मास्तरांना यावरून इंग्रजी नाटककार नेहम टेट आठवला. ‘नटसम्राट’वर ज्याची छाया आहे त्या शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चा त्यानं १६८१ मध्ये शेवटच बदलून टाकला. म्हाताऱ्याला सिंहासन परत, फासावर जाणाऱ्या कॉर्डेलियाचं चक्क लग्न. दीडशे वर्षं इंग्लंडातल्या प्रेक्षकांनी हाच गोड लिअर बघितला. १८३८ साली मॅक्रेडी या नटानं मूळचा शेवट रंगभूमीवर परत आणला.

“मला टेटचा चालेल,” बापू म्हणाला. “मुलगा माझा चांगला आहे.”

“वाईट आहे असं कोण म्हणतंय?” सुधाताईचा आवाज एकदम उतरला. जन्मभर बँकेत कॅश सांभाळलेली बाई, शब्दही मोजूनच देते. “लिअरनं काय केलं? तिघी मुलींना समोर उभं केलं आणि विचारलं, माझ्यावर कुणाचं प्रेम जास्त? दोघींनी तोंड भरून सांगितलं, त्यांना राज्य. धाकटी म्हणाली, काही नाही. तिला बाहेर काढलं. ही वाटणी नव्हे, हा लिलाव. आणि राज्य सोडलं तरी शंभर सरदारांचा लवाजमा हवाच! थोरलीनं पन्नासच ठेवा म्हटलं, मधलीनं पंचवीस, शेवटी एक तरी कशाला हवा. पोरी दुष्ट आहेतच. पण सत्ता देऊन टाकायची आणि थाट ठेवायचा, हे कुठल्या घरात चालेल? तुझ्या वन बीएचकेत?”

“पण आप्पांच्या मुलीनं, नलूनं, चोरीचा आळ घेतला!” बापू उसळला. “जन्मदात्यांवर!”

“घेतला. त्याला माफी नाही.”

इतका वेळ मी गप्प होतो, मग राहवेना. लिअरच्या घरात राणीच नाही. शिरवाडकरांनी ‘नटसम्राट’मध्ये मात्र आप्पांच्या शेजारी त्यांची बायको कावेरी आणून उभी केली. लिअरला एक तरी चांगली मुलगी होती, आप्पांना तीही नाही. त्या मुलीची माया या बाईकडे आली आणि मरणही तिच्याच वाट्याला. २३ डिसेंबर १९७० ला बिर्ला मातोश्रीत पहिला प्रयोग झाला तेव्हा डॉ. लागूंसमोर शांता जोग कावेरी होत्या. आम्ही मात्र पन्नास वर्षं आप्पांचीच स्वगतं म्हणतोय.

“आप्पा तिला ‘सरकार’ म्हणायचे,” सुधाताई म्हणाली. “सरकार म्हणायचं आणि सही एकट्यानं करायची.”

मला माझी आजी आठवली. आजोबांनी गिरगावातली जागा थोरल्या काकांच्या नावावर केली आणि वर्षभरात गेले. त्यानंतर आजी चौघांकडे तीन-तीन महिने. तिची हिरवी पत्र्याची ट्रंक तिच्याबरोबर फिरायची, किल्ली कनवटीला. कुणी तिला उपाशी ठेवलं नाही, कुणी टाकून बोललं नाही. पण आमच्याकडे आली की पहिल्या रात्री ती आईला विचारायची, “मी कुठे निजू?” स्वतःच्या मुलाच्या घरात. आप्पा फुटपाथवर जातात तेव्हा अख्खं थिएटर रडतं, मीही रडलोय. पण त्या प्रश्नाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही, आणि घराचा कागद करणाऱ्या प्रत्येक पुरुषानं तो ऐकावा असं मला मनापासून वाटतं.

कट्टा जरा गप्प झाला. वकीलसाहेबांना शांतता सहन होत नाही.

“अट लेखी हवी. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय तसं म्हणालं होतं. जानेवारी २०२५ मध्ये मात्र त्याच न्यायालयानं मध्य प्रदेशातल्या एका आईनं मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द केलं, कायद्याचा हेतू बघून. तरी लिहिलेलं बरं. मुलाला राहतं घर द्यायला मुद्रांक फक्त २०० रुपये आहे म्हणून घाई करू नये.”

“वहिनीला विचारलंस?” सुधाताईनं बापूला विचारलं.

“तिला काय विचारायचं? ती माझ्याबरोबरच राहणार ना!”

कुणीच काही बोललं नाही. मग वकीलसाहेबांनी चष्मा न लावता विचारलं, “सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर वहिनींचं नाव आहे का?”

“असेल. बघायला पाहिजे.”

“तीस वर्षं राहतोयस आणि बघायला पाहिजे?” मास्तर ओरडले. “माझे साडेतीनशे रुपये द्यायचेत, तेही तुला बघायलाच पाहिजेत!”

“ते तू ट्रिपच्या वर्गणीत वळते करून घेतलेस!”

“ती ट्रिप रद्द झाली होती!”

या गदारोळात बापूचा फोन वाजला. वहिनी. “हो, हो, कोथिंबीर आणतो.” सुधाताईनं त्याला कोपरानं ढोसलं. बापूनं आवंढा गिळला. “अगं, ते आपलं शेअर सर्टिफिकेट कुठे आहे?”

उत्तर पलीकडच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

“माझ्या कपाटात! आणि किल्ली माझ्याकडे आहे!”

मास्तर हसता हसता कट्ट्यावरून घसरले, त्यांना सावरताना वकीलसाहेबांचा चष्मा पडला, तो शोधायला सगळे वाकले. बापू कोथिंबीर आणायला निघाला, आणि सुधाताईनं त्याला हाक मारून सांगितलं, “लिंबंही घे, ती सांगायची विसरली असेल.”