कॉम्प्युटरची कुंडली

आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमधला कॉम्प्युटर हल्ली मनाला येईल तेव्हा बंद पडतो आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होतो. आई म्हणते, त्र्यंबकला जाऊन शांत करून घे. एम. जी. रोडवरचा दुकानदार म्हणतो, नवा घ्या. दोन्ही खर्च टाळायचे म्हणून मी स्टार्टवर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडला, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये काय काय घडलं याची विंडोजने ठेवलेली नोंदवही.

आणि घामच फुटला. सिस्टिमच्या लॉगमध्ये लाल गोळे, पिवळे त्रिकोण, खाली जावं तितके. एवढं दुखणं अंगावर काढत हा गडी माझं जीएसटी रिटर्न भरत होता? त्यातला 10016 नंबरचा एक तर कायमचा रडतराऊत: याला त्याची परवानगी नाही, त्याला याची नाही. मायक्रोसॉफ्टच सांगते, याच्याकडे खुशाल दुर्लक्ष करा. मग लिहिता कशाला, बाबांनो?

या लाल रंगावर भामट्यांची पोटं भरतात. समोरच्या काकांना मागे फोन आला होता. "टेक्निकल सपोर्टमधून बोलतोय. इव्हेंट व्ह्यूअर उघडा. लाल दिसतंय? व्हायरस आहे!" धडधाकट मशीनमध्येही लाल सापडतंच, पण ते कोण सांगणार! काका बिलंदर. म्हणाले, "लाल तर माझ्या पासबुकातही आहे. आधी ते घालवता का?" फोन कट.

माझं दुखणं निघालं 41 नंबरचं, कर्नल-पॉवर, क्रिटिकल. खुलासा असा: कॉम्प्युटर नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, अडकला असेल, कोसळला असेल किंवा वीज गेली असेल. पंचवटीतला ज्योतिषीसुद्धा निदान एका ग्रहाचं नाव घेतो! शिवाय ही नोंद पडते मशीन पुन्हा उठल्यावर. गचकण्याची वेळ सांगते ती 6008. त्या वेळा पाहिल्या, तर सगळ्या सकाळी नऊच्या आसपासच्या, म्हणजे चिरंजीवांच्या शर्टाला इस्त्री होते तेव्हाच्या. इस्त्री आणि कॉम्प्युटर एकाच ढिल्या एक्स्टेंशन बोर्डावर.

विजयाच्या भरात मी बायकोला सिक्युरिटी लॉगही दाखवला. "हे बघ, 4624 म्हणजे लॉगइन झालं. टाइप 5 असेल तर विंडोजचीच आतली कामं, रात्रभर चालतात. 7 म्हणजे कुणीतरी लॉक उघडलं."

तिने चष्मा लावला. "अहो, मग शनिवारी रात्री पावणेदोनला हे सात कुणाचं? अंग मोडून आलंय म्हणून तुम्ही तर नऊलाच झोपला होतात ना?"

ती चहा टाकायला आत गेल्यावर मी 'क्लिअर लॉग' शोधलं. ते दाबलं की 1102 नंबरची नवी नोंद पडते: लॉग पुसला. शेजारी पुसणाऱ्याचं नाव.