खुलासा : तीन वेळांच्या गोळ्या एकदम घेण्याबाबतचा संदेश

‘दिवसाच्या तिन्ही गोळ्या सकाळी एकदम घेतल्या तरी चालते, कारण एकूण मात्रा तेवढीच राहते,’ असा संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. तो चुकीचा आहे.

प्रत्येक औषधाचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा वेळ, मोजलेला असतो. मूत्रपिंडे निरोगी असताना अ‍ॅमॉक्सिसिलिनचा हा काळ जेमतेम एक ते दीड तासाचा आहे. त्यामुळे सकाळी आठला घेतलेले औषध दुपारी चारपर्यंत जवळपास संपते, आणि हे प्रतिजैविक जंतूंना आवरते ते एकदा उंच पातळी गाठून नव्हे, तर पुरेशी पातळी बराच वेळ टिकवून. उलट, रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपिनचा अर्धायुकाल ३० ते ५० तासांचा असल्याने त्याची रोज एकच गोळी पुरते, मात्र पातळी स्थिरावण्यास आठवडाभर लागतो.

दम्यावरील थिओफिलिनच्या बाबतीत हा सल्ला थेट घातक ठरू शकतो, कारण त्याची पातळी जरा जास्त चढली तरी छातीत धडधड होते, प्रसंगी आकडीचे (फिटचे) झटकेही येतात.

कृपया हा संदेश पुढे पाठवू नये. ज्यांना पाठवला असेल त्यांना कळवावे, आणि वेळा जमत नसल्यास डॉक्टरांना विचारूनच बदल करावा.