कोर्स रिव्ह्यू असा करा की कोर्सला पत्ताच लागू नये

अभिनंदन! तुम्हाला कम्युनिटी कॉलेजच्या अभ्यासक्रम समितीवर घेतलंय. का घेतलं ते विचारू नका, ज्या मीटिंगला नावं ठरली त्या मीटिंगला तुम्ही गैरहजर होतात, एवढी पात्रता पुरते. आता दर काही वर्षांनी येतो तसा कोर्स रिव्ह्यू आलाय, म्हणजे कॅटलॉगमधला एकेक कोर्स काढून बघायचं की हा अजून कामाचा आहे का, कोणी घेतंय का, शिकून बाहेर पडलेल्याला कुठे उपयोग होतोय का, आणि नसेल तर बदलायचा नाहीतर बंद करायचा. असं परिपत्रकात लिहिलंय. परिपत्रकात बरंच काही लिहिलेलं असतं. मी या समितीवर दोन टर्म काढल्यात, त्यामुळे थोडं अनुभवाचं सांगते, ऐकलंत तर सुखी व्हाल.

पहिली गोष्ट, कोर्स उघडायचाच नाही. फॉर्म उघडायचा. फॉर्ममध्ये 'लर्निंग आउटकम्स' नावाचा रकाना असतो, अख्खा रिव्ह्यू तिथेच उरकतो. तिथे आधी लिहिलेलं असतं, 'विद्यार्थ्याला हिशेबाची तत्त्वं समजतील.' हे चालत नाही. समजलं हे मोजता येत नाही म्हणे. मग ब्लूमचा तक्ता काढायचा. बेंजामिन ब्लूम आणि मंडळींनी १९५६ मध्ये शिकण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या आणि २००१ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली, सगळं ठीकच होतं, पण पुढे त्याचे क्रियापदांचे तक्ते झाले आणि ते समित्यांच्या हाती लागले. गंमत म्हणजे सुधारित पायऱ्यांमध्ये 'समजणे' ही चक्क दुसरी पायरी आहे, पण फॉर्ममध्ये लिहायला बंदी. आम्ही एका अकाउंटिंगच्या कोर्सवर 'ओळखेल' ठेवायचं का 'विश्लेषण करेल' यावर एक तास चाळीस मिनिटं बोललो, मी घड्याळ बघत होते म्हणून माहितीये, शेवटी 'विश्लेषण करेल' जिंकलं आणि सगळ्यांनी सुस्कारा सोडला. त्याच कोर्सच्या तिसऱ्या पानावर जे सॉफ्टवेअर शिकवायचं म्हणून लिहिलं होतं ते बनवणाऱ्यांनीच कधीचं गुंडाळलंय. पण तिसऱ्या पानावर कोण जातं! विद्यार्थी आता नसलेल्या सॉफ्टवेअरचं विश्लेषण करेल.

दुसरं, कुठलाही कोर्स बंद करायचा नाही. बंद केला तर तो शिकवणाऱ्याला तुम्ही रोज कॉरिडॉरमध्ये भेटणार आहात, विद्यार्थी काय, दोन वर्षांत जातात. आमच्याकडे वेब ॲनिमेशनचा कोर्स होता, फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरवरचा. फ्लॅशचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरने फाइली चालवायच्याच बंद केल्या, म्हणजे यात मतमतांतराला जागा नाही, तारीखवार मेलेली गोष्ट आहे. पण शिकवणारे सर उठले आणि म्हणाले, कोबोलचं काय? आणि तुम्हाला सांगते, हा हुकमाचा एक्का आहे, पाठ करून ठेवा. कोबोल ही १९५९ ची कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगची भाषा, सगळे म्हणायचे संपली संपली, आणि एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी जाहीरपणे सांगितलं की आम्हाला कोबोल येणारे लोक हवेत, कारण बेकारभत्त्याची यंत्रणा कित्येक दशकं जुन्या मेनफ्रेमवर, म्हणजे अवाढव्य कॉम्प्युटरवर, चालू होती आणि साथीच्या काळात अर्जांचा लोंढा आला. खरी गोष्ट आहे. मुद्दा पण खरा आहे, जुनं म्हणजे निरुपयोगी असं नसतं. फक्त कोबोलवर अजून कारभार चालतो आणि फ्लॅशवर काहीच चालत नाही एवढा बारीक फरक आहे, पण तो सांगायचा कोणी? संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. कोर्सच्या नावापुढे 'एक ऐतिहासिक दृष्टिकोन' असं जोडून तो मंजूर झाला.

आता क्रेडिट आणि तास. याला हात लावायचा नाही, अजिबात नाही. वेल्डिंगच्या मॅडम दरवेळी सांगतात की मुलांना प्रॅक्टिकलचे तास कमी पडतात, पहिली सरळ शिवण मारता येईपर्यंत सेमिस्टर संपतं, उलट थिअरीत त्याच त्या स्लाइड दोनदा होतात, तर थिअरीतले थोडे इकडे द्या. मॅडमचं बरोबर आहे. पण तास हलवले की कोणाचा तरी वर्कलोड हलतो, वर्कलोड हलला की टाइमटेबल हलतं, आणि टाइमटेबल ज्यांनी केलंय ते गेली काही वर्षं रविवारी झोपलेले नाहीत. आणि हे काही आजचं नाही. तासांत शिक्षण मोजायची जी पद्धत पसरली, वर्षाला एका विषयाचे १२० तास म्हणजे एक युनिट, ती अमेरिकेत १९०६ च्या सुमारास कार्नेगी फाउंडेशनमुळे रूढ झाली, आणि त्यातली मेख अशी की हे फाउंडेशन प्राध्यापकांना पेन्शन देण्यासाठी काढलं होतं, ज्या कॉलेजांना पेन्शन हवं त्यांनी प्रवेशासाठी हे माप मानायचं. म्हणजे मापाची भानगड पहिल्यापासून शिकवणाऱ्याच्या सोयीशी बांधलेली. परंपरा आहे, मोडू नका.

मग बंद काय करायचं? कारण रिव्ह्यूनंतर 'कार्यवाही' दाखवावी लागते. तर ज्या वर्गात मुलं कमी, तो बंद करायचा. याला विचार लागत नाही, आकडा लागतो. पंधराच्या खाली गेला की रद्द. त्या वर्गात कोण बसतं हे बघायचं नाही, बहुतेक वेळा ते शेवटच्या टप्प्यावरचे असतात, पहिल्या पायरीला पन्नास, मधे गळती, वर पोचेपर्यंत नऊ उरतात, आणि त्या नऊ जणांना सर्टिफिकेटला तोच एक विषय हवा असतो. असो, भावनाविवश होऊ नका. कोणी हुशारी करून सांगेल की इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज, अमेरिकेतलं सगळ्यात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज, १९०१ मध्ये सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालं. सहा! आपल्या नियमाने अख्खी कम्युनिटी कॉलेजची कल्पनाच पहिल्या आठवड्यात रद्द झाली असती. त्याला म्हणायचं, छान माहिती दिलीत, इतिवृत्तात घेऊ.

इंडस्ट्री सल्लागार समितीचं पण सांगते. ही घ्यावीच लागते, कम्युनिटी कॉलेजचा सगळा डोलाराच त्यावर आहे की आजूबाजूला ज्या कामाला माणसं लागतात ते शिकवायचं. आपल्याकडे युजीसीने बाराव्या पंचवार्षिक योजनेत कम्युनिटी कॉलेजची स्कीम आणली त्यातही उद्योगांना बरोबर घ्यायचंच होतं. तर वर्षातून एकदा चार कंपनीवाल्यांना बोलवायचं. त्यांना विचारायचं, तुम्हाला काय हवं? ते म्हणतात, कम्युनिकेशन स्किल्स. दरवर्षी हेच म्हणतात, मनुष्यप्राणी बोलायला लागल्यापासून मालकांची हीच तक्रार असावी. आपण लिहून घ्यायचं. मशीन कोणतं वापरता, ड्रॉइंग कोण वाचतं, नवीन पोराला पहिले तीन महिने काय येत नाही, असले प्रश्न चुकूनही विचारायचे नाहीत. एकदा एका सुपरवायझर बाईंनी न विचारताच सांगितलं होतं की आमच्याकडे आलेल्या मुलांना मायक्रोमीटर, म्हणजे जाडी बारीक मोजायचं उपकरण, धरता येतो पण वाचता येत नाही, शून्याची चूक बघायची असते हेच कोणी सांगितलेलं नाही. शांतता पसरली. पुढच्या वर्षी त्यांच्याऐवजी एचआरच्या साहेबांना बोलावलं, ते कम्युनिकेशन स्किल्स म्हणाले, सगळं सुरळीत झालं.

नवीन कोर्स आणायचेच असतील तर नावापासून सुरुवात करा. 'ऑफिस ऑटोमेशन'चं 'ऑफिस ऑटोमेशन विथ एआय' करायचं. 'डेटा एंट्री'चं 'डेटा सायन्सची मूलतत्त्वे'. युनिट पाच तेवढं नवीन लिहायचं, बाकी चार आहेत तशीच, कारण युनिट पाचपर्यंत कुठलाच वर्ग कधी पोचत नाही. शिकवायला माणूस, लॅबला मशीन याचा विचार नंतर, ब्रोशर आधी. आणि प्रीरिक्विझिट, म्हणजे हा कोर्स घेण्याआधी कोणता केलेला हवा, ते जुन्या फॉर्मवरून कॉपी-पेस्ट करायचं. कॅलिफोर्नियात व्यवसाय कोर्सच्या प्रीरिक्विझिट दर दोन वर्षांनी आणि बाकीच्या निदान सहा वर्षांनी तपासायचा नियम आहे, तिकडच्यांना वेळ बराच दिसतो. आमच्याकडे अ कोर्सला ब आधी हवा होता, ब ला क, आणि क रद्द झालेला होता, कमी मुलं म्हणून. साखळी एकदम सुरक्षित, कोणी आत येऊच शकत नाही. रिव्ह्यूमध्ये तिन्ही कोर्सना 'अद्ययावत' शेरा मिळाला, कारण तिन्हीची क्रियापदं मजबूत होती.

राहता राहिले विद्यार्थी. त्यांना फीडबॅक फॉर्म द्यायचा, एक ते पाच, शेवटच्या दिवशी, परीक्षेच्या आधी, शिकवणारा समोर उभा असताना. सरासरी ४.३ येते. नेहमी ४.३ येते. जे मधेच सोडून गेले ते शेवटच्या दिवशी नसतात त्यामुळे आकडा बिघडत नाही.

तरी एखादं प्रकरण काउंटरवर येतंच. आमच्याकडे एक मुलगी आली होती, दिवसा कामाला जाते, संध्याकाळी कॉलेज, सर्टिफिकेटचे सगळे विषय झालेले, फक्त एक राहिलेला, आणि तो सलग तिसऱ्या सेमिस्टरला लागलेला नाही. क्लार्कने तुमच्यासारखंच ट्रेनिंग घेतलेलं, त्याने कॅटलॉग उघडून दाखवला, आहे की विषय, हे बघा पान ६४, आणि खाली रिव्ह्यू झाल्याची तारीख पण आहे, मागच्याच महिन्याची. ती म्हणाली, आहे ते दिसतंय, पण होणार कधी? तो म्हणाला, मुलं आली की होईल. ती म्हणाली, मी आलेय ना. यावर आमच्या मॅन्युअलमध्ये उत्तर नाही. मग तिने मोबाइल काढून पान ६४ चा फोटो घेतला आणि विचारलं, सर्टिफिकेटच्या जागी हाच जोडू का अर्जाला?

क्लार्कने ते लिहून समितीकडे पाठवलंय. पुढच्या मीटिंगला घेतलंय, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, आउटकम्सच्या क्रियापदांवर चर्चा, नवीन ब्रोशरचा रंग, आणि मग वेळ उरला तर आयत्या वेळचे विषय. तुमची पहिलीच मीटिंग आहे, वेळेवर या.